बर्फातलं इरलं

फाल्गुन अर्धा सरला की आमच्या कोळवणच्या खोऱ्यात राब भाजायला सुरुवात होते. आता भाजणारे थोडेच उरलेत. निम्म्या खाचरांना तारेची कुंपणं पडली आणि आत पुण्याच्या लोकांची फार्महाउसं उभी राहिली. पण जे भाजतात त्यांचा धूर अजून तसाच येतो. भाताचं बी ज्या तुकड्यात टाकायचं तिथं शेण, टहाळ, पालापाचोळा अंथरायचा, वर माती पसरायची आणि वारा पडला की पेटवून द्यायचं. शेण आणि माती एकत्र भाजल्याचा तो वास नाकात गेला की मला भर उन्हाळ्यात थंडी वाजते. डॉक्टरांना सांगून उपयोग नाही, म्हणून सांगत नाही.

परवा शेजारच्या बंगल्यातल्या बाई फाटकापाशी आल्या. त्यांच्या पांढऱ्या गाडीवर राख बसली होती. म्हणाल्या, "आजी, हे भाजणं कुणी बंद करत नाही का?"

मी म्हटलं, "बसू द्या हो. माझ्या बर्फावर बसलीय ती इतक्या वर्षांत निघाली नाही."

त्यांना वाटलं असणार, म्हातारीचं डोकं उन्हानं फिरलं. मग मी त्यांना आत नेलं आणि कणगीच्या वर भिंतीला टांगलेली फळी दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "अय्या, स्वित्झर्लंड! तुम्ही काढलंय?" आणि मग आणखी जवळ जाऊन, "पण बर्फात ही कासवं कशी आली?"

कासवं नाहीत, माणसं आहेत, एवढंच मी त्यांना सांगितलं.

मी या खोऱ्यात सून होऊन आले ती पौडहून. मॅट्रिक झालेली होते, म्हणून गावच्या शाळेत मास्तरीण लागले आणि सगळ्या गावाची "बाई" झाले. माझे यजमान पलटणीत होते. आमच्या पिढीत नवऱ्याचं नाव घेत नसत आणि आता ते नसताना घ्यायला लागले तर त्यांनाच चुकल्यासारखं होईल, म्हणून इथंही "हे"च म्हणते. लग्नाची सुट्टी संपली आणि हे गेले. पुढच्या हिवाळ्यात सरहद्दीवर लढाई झाली. हे परत आले माघात, डाव्या पायाची बोटं बर्फात ठेवून. बरोबर एक पत्र्याची पेटी आणि एक काळी घोंगडी. घोंगडी मी एकदा उन्हात टाकली, तर लंगडत अंगणात आले, ती उचलली आणि घडी करून पेटीत ठेवली. मी म्हटलं, असेल बाई सवयीची. काळी घोंगडी कुणाच्या घरात नसते?

घरी आल्यापासून हे पडवीत बसून घायपात सडवून काढलेल्या वाकाचे दोर वळायचे. सकाळी बसले की दिवस मावळेपर्यंत. गावच्या सगळ्या जनावरांना पुरून उरतील एवढे दोर आमच्या खुंटीला लोंबत होते. विचारलं तर "व्हय", "न्हाई", "वाढ". तिसरा शब्द जेवणापुरता. हे पलटणीत होते तेव्हाही मी एकटीच होते, पण त्या एकटेपणात वाट बघायचं काम तरी होतं. नवरा घरात येऊन बसला आणि ते कामही गेलं. शेजारी बसलेल्या माणसाची वाट बघायची कशी, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. शाळेत पोरांपुढे मी भडाभडा बोलायचे आणि घरी आले की भांड्यांचा आवाजसुद्धा मोठा वाटायचा.

त्या वर्षी चैत्रातल्या जत्रेला गावच्या पोरांनी नाटक बसवायला घेतलं. सगळ्या गावांतून तेव्हा जवानांची नाटकं होत होती. जवान आला म्हणजे सरहद्द आली, आणि सरहद्द म्हणजे बर्फ हवा. म्हणून पौडहून उस्मानभाईंना बोलावलं. उस्मानभाई म्हणजे मुलखातल्या दुकानांच्या पाट्या, टांग्यांच्या पाठी आणि जत्रेचे पडदे रंगवणारे गृहस्थ. माझ्या माहेरच्या आळीतलेच. सकाळची शाळा सुटली की वर्ग त्यांच्या ताब्यात. बाकं भिंतीला लावायची, मांजरपाट पसरायचा आणि गुडघ्यावर बसून हिमालय काढायचा. समोर नमुना म्हणून पौडच्या वाण्याकडचं जुनं कॅलेंडर. त्यात डोंगर, बर्फ आणि देवदारासारखी काही झाडं.

मी विचारलं, "उस्मानभाई, तुम्ही बर्फ पाहिलाय का?"

"पाह्यलाय की. पुन्याला एका लग्नात सरबतात घातला हुता."

"तसा नाही. पडताना."

"आता त्यो कोन बघनार, बाई? वरनं पडतंय म्हंजे पावसावानीच आसंल. जरा दमानं."

पडदा तयार झाला, उन्हात वाळत घातला. गावातली एक म्हातारी कमरेवर हात ठेवून त्यावरच्या पांढऱ्या ढिगांकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यो आंबेमोहर कुनाचा म्हनायचा? लई पिकलाय की." जमलेली सगळी पोरं हसली. उस्मानभाई सगळ्यांत जास्त हसले. मी हसले आणि तिथल्या तिथं गप्प झाले, कारण मला दिसलं की गावात ज्यानं खरा बर्फ बघितलाय असा एकच माणूस आहे आणि तो पडवीत दोर वळतोय.

मग माझ्या मनानं घेतलं की आपण बर्फ शिकायचा. यांनी जे बघितलं ते मला दिसलं तर यांच्या शेजारी बसायला मला थोडी जागा होईल, असं वाटलं. वेडेपणाच होता. पण बायका नवऱ्याला बोलतं करायला उपास करतात, देवाला नारळ बोलतात. मी रंग मागितले, एवढंच.

उस्मानभाईंनी खोक्याच्या फळीवर मांजरपाट चिकटवला, त्यावर सरस आणि खडूची भुकटी फिरवली. जवसाच्या तेलात खललेला सफेदा, थोडी काजळी, थोडा गेरू. आणि निळ्याच्या जागी चक्क धोतराला घालायची नीळ. मी म्हटलं, ही तर कपड्याची. ते म्हणाले, "मग? धोतार पांढरं कशानं दिसतंय?" आणि खरंच, नुसता सफेदा लावला की चुना दिला असं दिसायचं, आणि सावलीत नीळ गेली की तोच सफेदा उजळायचा. इतकी वर्षं मी धोतरं निळीत बुडवत होते, पण ही गोष्ट कधी ध्यानात आली नव्हती.

सफेद्याला मात्र ते हात लावू देत नव्हते. आधी सगळ्या फळीभर निळसर करडा पातळ हात. मग आभाळ. आभाळ बर्फापेक्षा काळवंडलेलं काढा म्हणाले, कॅलेंडरात तसंच होतं. माझा हात धजेना. आमच्याकडे डोंगर गडद आणि आभाळ उजळ, हे जन्मापासून डोळ्यांत बसलेलं. खालची जमीन वरच्या आभाळापेक्षा पांढरी असेल कशी? आणि एका सकाळी शाळेला जाताना बांधावर थबकले. आदल्या दिवशी भाजलेला राब समोर पडला होता. वर डोंगर काळा, मागं आभाळ धुरकट, आणि खाली राखेचा तो तुकडा सगळ्या खोऱ्यात एकटाच पांढरा. बांधाची सावली त्यावर पडली होती आणि ती निळी होती. मी तिथंच उभी राहिले. घंटा द्यायला उशीर झाला आणि पोरांची चैन झाली.

त्यानंतर मी कॅलेंडर बघायचं सोडलं आणि राब बघून बर्फ काढला. त्यामुळे माझ्या हिमालयाला बांध आले. बर्फ उतारावरून घसरायचा सोडून खाचरात पाणी साठावं तसा एकाखाली एक समतल बसला. उस्मानभाईंना त्यात काही वावगं दिसलं नाही. मलाही नाही. जे वरून पडतं ते बांधानं अडतं, नाहीतर बांध कशाला घालायचे?

तेलरंगाचं एक वाईट. तो लवकर वाळत नाही. आणि राबाचे दिवस. दुपारी वारा सुटला की शाळेच्या खिडकीतून राख आत यायची आणि नेमकी माझ्या ओल्या बर्फावर बसायची. सुईनं टिपून काढायला गेले तर रंगच उचलून यायचा. शेवटी नाद सोडला.

याच दिवसांत भागामावशी यायच्या. त्या भरे गावच्या. त्यांचा मुलगा कोंडिबा यांच्याच तुकडीत होता आणि तो परत आला नव्हता. दोघं एका मुलखातले, म्हणून तिकडेही जोडीनं असायचे, एवढं मला माहीत होतं. भागामावशी एस.टी.नं पौडपर्यंत यायच्या, पुढं चालत. पडवीच्या कडेला टेकायच्या, पदरानं तोंड पुसायच्या आणि दर वेळी तेच विचारायच्या.

"त्याच्या अंगावर काय हुतं रं, बाबा? म्या घोंगडी दिली हुती जाताना. ती हुती का अंगावर?"

हे मात्र दोर वळत राहायचे. वाकाला पाणी लावायचे, पीळ द्यायचे. भागामावशी थांबायच्या. मी केलेला चहा प्यायच्या, कपबशी स्वतः विसळून ठेवायच्या आणि निघायच्या. मी त्यांना ओढ्यापर्यंत सोडायला जायचे. एकदा तिथं थांबून म्हणाल्या, "न्हाई सांगायचं तर नको सांगू म्हनावं. पर मान तरी हालव म्हनावं. आईला तेवढं पुरं हाय."

मी घरी आले आणि यांच्यावर पहिल्यांदा ओरडले. म्हातारी एवढी पायपीट करते, एक शब्द टाकायला काय जातं? यांनी वर बघितलं. डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं. तिथं काहीच नव्हतं. मी आत गेले आणि चुलीपुढं बसून रडून घेतलं.

चित्र होत आलं तेव्हा उस्मानभाई म्हणाले, "यक मानूस घाला, बाई. मानूस आसला की डोंगूर केवढा त्ये कळतंय." मी बारीक कुंचल्यानं एक पाठमोरा माणूस काढला, बांधाबांधानं वर चाललेला. बर्फ पडतोय, म्हणून डोक्यापासून कमरेपर्यंत गेरू आणि काजळी मिसळून इरलं दिलं. ज्यांनी भातलावणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, इरलं म्हणजे बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं पाठीवरचं छप्पर. ते घेतलं की दोन्ही हात मोकळे राहतात आणि पावसात दिवसभर वाकून रोपं लावता येतात. माझ्या हातानं ते विचार न करता काढलं. उस्मानभाईंनी मान तिरपी करून बघितलं आणि म्हणाले, "झ्याक."

जत्रा झाली, नाटक झालं. हे गेले नाहीत. उस्मानभाई आपली कुंचल्यांची पिशवी घेऊन पौडला परतले आणि मी फळी घरी आणली. ओलीच होती. पडवीत यांच्यासमोरच्या भिंतीला टेकवून ठेवली. बरेच दिवस यांनी तिकडे बघितलंही नाही. निदान मी बघताना तरी नाही. मला वाटलं, संपलं. आपण दुपारच्या दुपारी घालवल्या आणि हाती काय, तर राख चिकटलेली एक फळी.

मग एका दुपारी मी आत तांदूळ निवडत होते आणि पडवीतून कसलातरी आवाज आला. ठसका लागला असेल म्हणून पाण्याचा तांब्या घेऊन धावले. हे हसत होते. लग्नानंतर मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. दोर मांडीवरून खाली पडला होता.

"ह्यो कोन गं?"

"माणूस."

"त्याच्या डोस्क्यावर काय हाय?"

"इरलं."

"बर्फात? इरलं?"

"मग? वरून पडतंय ना?" मी म्हटलं. मला खरंच कळत नव्हतं की यात हसण्यासारखं काय आहे.

हे आणखी हसले. पोट धरून, भिंतीला डोकं टेकून हसले. हसता हसता आवाज बदलला आणि मग ते हसणं राहिलं नाही. मी तांब्या घेऊन तशीच उभी. शेवटी यांनी तळहातानं तोंड पुसलं आणि चित्राकडे बघत म्हणाले, "तेवढं बी न्हवतं गं आमच्याकडं. इरलं बी न्हवतं."

मी तांब्या ठेवला आणि त्यांच्या शेजारी बसले. आता बोलतील, आता बोलतील. त्यांनी बोटानं बर्फावर चिकटलेली राख दाखवली. "ही तितं बी पडायची. शेगडीची." तेवढंच. आणि दोर उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी दाढी केली, पलटणीचा कोट चढवला आणि पेटी उघडली. काळी घोंगडी काढली, खांद्यावर टाकली. पौडच्या बाजाराला एक बैलगाडी निघाली होती, तिच्यात बसायला निघाले. मी विचारलं, कुठं? "भऱ्याला." मी म्हटलं, थांबा, मी पण येते, लुगडं बदलते. यांनी हात वर केला. "नगं. तू नगं." आवाज मऊ होता, पण तो हात मला अजून दिसतो.

तिन्हीसांजेला परत आले तेव्हा खांदा मोकळा होता. घोंगडी कुणाची होती, ते मला तेव्हा कळलं.

एवढंच कळलं. कोंडिबानं ती स्वतःहून दिली की यांनी घेतली, तो जिता असताना की नंतर, हे मला आजवर माहीत नाही. भागामावशींना माहीत होतं. त्या पुढंही यायच्या, आता जास्तच. दोघं पडवीत बसायचे, हळू आवाजात बोलायचे. मी चहा घेऊन आले की गप्प व्हायचे. वाईट मनानं नाही. कप घेताना भागामावशी माझ्या हातावर हात ठेवायच्या. पण मी आत जाईपर्यंत दोघं थांबायचे. मला त्या म्हातारीचा हेवा वाटायचा. जिचा मुलगा गेला त्या बाईचा हेवा. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण वाटायचा हे खरं.

एकदाच धीर करून विचारलं, "त्या दिवशी मावशी काय म्हणाल्या?"

हे म्हणाले, "म्हनली, बरं केलंस."

कशाला बरं केलंस? जाऊन सांगितलंस ते? घोंगडी आणलीस ते? पांघरून जगलास ते? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुन्हा "व्हय" आणि "न्हाई" एवढंच हाती लागेल अशी भीती वाटली.

भऱ्याहून आल्यावर यांनी आणखी एक केलं. घायपाताच्या वाकाचं एक टोक दातानं चावून कुंचल्यासारखं केलं, माझ्या वाट्यांतला गेरू आणि काजळी घेतली आणि फळीवर वाकले. माझ्या माणसाच्या पुढं, एक बांध वर, त्यांनी दुसरा माणूस काढला. वाकडातिकडा, पण इरलं बरोबर जमलं होतं. इरली त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. जरा मागं सरून बघितलं आणि म्हणाले, "आता बरं हाय."

त्यानंतर दोर वळणं आपोआप कमी झालं. पावसाला सुरुवात झाली तशी यांनी लावणी केली, लंगडत का होईना. पुढं संसार झाला, पोरं झाली, भात पिकला, कधी पडला. माणूस चांगला होता, गावकीत चार शब्द बोलायलाही लागला. कुणी म्हणेल, मग तुझं काय अडलं? काही नाही अडलं. फक्त फाल्गुन आला, राबाचा वास सुटला की हे पडवीत जाऊन त्या चित्रासमोर बसायचे आणि मी स्वयंपाकघरात काहीतरी काम काढायचे. बर्फ मी शिकले, आणि यांचं तोंड उघडलं ते दुसऱ्याच कुणापाशी. उस्मानभाई पुढच्या वर्षी आले तेव्हा म्हणाले, आता समुद्र शिका. मी म्हटलं, एवढा एक पुरे.

हे जाऊन आता बरीच वर्षं झाली. फळी मी तेव्हाच पडवीतून आत आणून टांगली. भागामावशी तर कधीच गेल्या. दोघांना माहीत असलेली गोष्ट दोघांबरोबर गेली. चित्रातले दोघं मात्र तसेच चालले आहेत, बांधाबांधानं वर.

परवा बंगल्यातल्या बाई बराच वेळ चित्रासमोर उभ्या होत्या. त्याही काहीतरी रंगवतात, सुट्टीच्या दिवशी. म्हणाल्या, "आजी, तुम्हाला ॲक्रिलिकचे रंग आणून देते. घटकेत वाळतात, राखबीख बसत नाही. यात अजून एखादं माणूस टाका की. तुम्ही स्वतःच या त्यात!"

मी कितीदा मनात आणलंय ते. मागच्या बांधावर जागा आहे, मी ती मोकळीच सोडलेली आहे. नीळ घरात असते, गेरू असतो. पण हात पुढं झाला नाही. "तू नगं" म्हणून वर केलेला हात तिथं मध्ये येतो.

मग बाई सहज बोलून गेल्या, "दोघंही पाठमोरे आहेत ना. कुणीतरी मागं उभं राहून बघतंय असं वाटतं."

इतकी वर्षं ते चित्र माझ्या भिंतीवर आहे आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. पाठ दिसते म्हणजे मागं कुणीतरी उभं आहे, चित्र काढणारीच. त्याच बर्फात, त्याच राखेत, ते दोघं दिसेनासे होईपर्यंत. तिच्या अंगावर काय होतं, हे मात्र कुणी कधी विचारलं नाही.

मी गाडी पुसायला त्यांना एक जुनं फडकं दिलं आणि फाटकापर्यंत सोडायला गेले. पलीकडच्या खाचरातून वारा सुटला होता. राख वरून पडत होती, म्हणून मी पदर डोक्यावर घेतला.